सातारवाट

वागळे इस्टेटच्या पासपोर्ट कचेरीत
सात नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी
आमचे तीन कागद शेजारी शेजारी मांडले,
चष्मा कपाळावर सरकवून मला विचारलं,
'सातारवाट म्हणजे साताऱ्यात कुठं?
माझं माहेर कोरेगाव.'

आम्ही साताऱ्याचे नाही, बाई.
पासष्ट वर्षांत एकदाच गेलो तिकडे,
कारखान्याच्या सहलीतून, कासची फुलं संपल्यावर.

मुलीच्या दाखल्यावर सातारवाट,
माझ्या बापाच्या रेल्वेच्या पेन्शनबुकात सॅटरवेट,
आणि मी उगाचच फायलीत ठेवलेला
आजोबांच्या बाप्तिस्म्याचा उतारा,
त्यात फादरनी निळ्या शाईने लिहिलेलं
इतकं लांब नाव, की ते समास ओलांडून
पुढच्या बाळाच्या नावाला टेकलंय.

जॉब सॅटरथ्वेट. सुतार.
खाडीवरच्या पुलाच्या कमानींना
लाकडी साचे ठोकायला आला होता.
सोबत एक वाकस, दोन रंधे
आणि एका गावाचं नाव,
जे गाव त्याने पाहिलेलंच नव्हतं.
बाप गिरणीच्या धुरात जन्मला,
आजा डोंगर सोडून पोटासाठी खाली उतरला,
आणि त्या डोंगरातही हे नाव
कुणी होडीतून आणलेलं, समुद्रापलीकडून,
भलतीच भाषा बोलणाऱ्या, कुऱ्हाडी घेतलेल्या लोकांनी.

पुलावरून पहिली गाडी जायच्या आधी
जॉब तापाने गेला.
चेंदणीच्या सबिनाबायच्या ओटीत दोन पोरं
आणि गिळता न येणारं आडनाव.
तिने ते पाटावर घेतलं,
पाल्याचे काटे काढावेत तसं
त्यातलं जोडाक्षर उपसून काढलं, मांजराला टाकलं,
उरलेलं मऊ करून पोरांना भरवलं.
चर्चने मात्र वहीत काटे जपून ठेवले.

अर्थ मुलीने शोधला, मागच्या महिन्यात,
रात्रपाळीवरून आल्यावर, पाय गरम पाण्यात सोडून.
उन्हाळ्यात गुरं वर चारायला नेतात ना, डॅडी,
तिथल्या खोपीजवळची
झाडं तोडून मोकळी केलेली जागा.
एवढंच?
एवढंच.

मला वाटलं होतं, एखादा किल्ला तरी असेल.

वर्तकनगरच्या नाक्यावर
येऊरची भागी शेवळं घेऊन बसते, तिला सांगितलं.
ती जुडी बांधत म्हणाली,
'म्हंजे दळी. आमची पन होती, वरच्या पाड्याला.
पन दळीचं नाव कोन लावतं?
दळी गेली, तर मंग नाव बी जाईल ना.'
मी पैसे दिले. तिने एक जुडी जास्त टाकली.

जॉबचा वाकस आहे अजून, बाल्कनीत.
दांडा तीनदा बदललाय, पातं एकदा.
पावसाळ्यात संडासाचं दार फुगलं
की मी त्यानेच तासतो.

आता मुलगी निघालीय.
त्या डोंगरापासून बसने दोन तासांवर
एक दवाखाना आहे, तिथे नर्स म्हणून.
मी म्हटलं, लांबवालं नाव लाव,
प्रतिज्ञापत्र करू, नोटरी समोरच बसतो,
तिथल्या थडग्यांवर सुद्धा सापडेल तुला ते.
ती म्हणाली, सबिनाबायने काढलेला काटा
मी पुन्हा घशात घालू?

बाईंनी सगळ्यांवर सातारवाट कायम केलं.
शिक्का उचलता उचलता थांबल्या.
'साताऱ्याचं नाही म्हणता,
मग या नावाचा अर्थ तरी काय?'

मोकळी जागा, मी म्हणालो.

'मोकळी जागा?' बाई शेजारच्या खिडकीकडे वळून हसल्या,
'ऐकलं का हो कदम? ठाण्यात!'

आणि शिक्का मारला. पुढचा नंबर.